पाटात उतरलेली बाई

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की धनश्री न्हाणीत जायची, बादली काठोकाठ भरायची आणि तिच्यात तोंड बुडवून उकिडवी बसायची. नाकातोंडातून हळूहळू हवा सोडायची, मग मान एका अंगाला वळवून घोटभर श्वास घ्यायचा आणि पुन्हा आत. आधणावरची ताटली थडथडायला लागेपर्यंत हे चालायचं. सुरुवातीला सासूबाई, रंगुबाई, दारात येऊन विचारायच्या, "काय हरवलंय का गं बादलीत?" नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ताटली वाजली की चुलीजवळूनच ओरडायच्या, "ए मासळे, ये वर. च्या उतू चाललाय."

नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात धनश्रीची पिठाची गिरणी होती. नवरा रविराज साखर कारखान्यावर पाळीला जायचा. भाऊ अंगद फौजेत, हिमाचलात. तिथल्या एका तळ्यावर सप्टेंबरात ट्रायथलॉन होणार असल्याचं त्यानं फोनवर सांगितलं होतं. "ताई, तू पोहतीस, सायकल मारतीस, पळतीस. तेच एका दमात करायचं. बास." हे 'बास' दहा हजार फुटांवरचं होतं. आपलं कळसुबाईचं शिखर राज्यात सगळ्यात उंच, पण तेही त्याच्या निम्म्यावर. तरी महिन्यातला एखादा रविवार काढून धनश्री कळसुबाई धावत चढून यायची. हवा विरळ असते म्हणून कुणी घाबरवलं, तर म्हणायची, "पंधरा वर्षं गिरणीत पीठ खातीय. मला चांगली हवा कधी मिळालीय?"

सायकल आणि पळणं गावानं पचवलं होतं. प्रश्न होता पोहण्याचा.

तिचं माहेर खर्ड्याचं. तिकडं विहिरीला पाणी असायचं ते पावसाळ्यानंतरचे चार महिने. तेवढ्यात वडिलांनी पाठीला रिकामा कॅन बांधून तिला पोहायला शिकवलं होतं. पाणी दिसलं की उतरायचं, उद्या असेलच असं नाही, हे तिथलं शहाणपण. लग्न होऊन बेलापूरला आली आणि शेतीसाठी धरणाचं आवर्तन सुटल्यावर दुथडी वाहणारा पाट पाहून तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं. एवढं पाणी, रोज, आणि कुणी बघतसुद्धा नाही.

आता तेच पाणी तिच्या कामाचं होतं. तरणतलाव नगरला, जायला-यायला अर्धा दिवस, आणि बायकांची वेळ नेमकी गिरणीच्या वेळेला. पाटात मात्र एक अडचण होती. पाण्याबरोबर पोहणं म्हणजे एसटीत बसून चालल्याचा हिशोब सांगणं. तळ्याचं पाणी कुणाला पुढे ढकलत नाही. म्हणून ती उलटी पोहायची. धुण्याच्या पायऱ्यांपाशी पाण्याखाली लोखंडी कडी होती. तिला दोर बांधायचा, दुसरं टोक कमरेला, आणि प्रवाहाच्या तोंडावर हात मारत राहायचं. दम टिकला तर ती जागच्या जागी राहायची आणि दोर ढिला पडायचा. दम सुटला की दोर ताणायचा. त्या ताणावरून तिला आपली तयारी कळायची.

उन्हाळ्यात पुलावरून गावातली पोरं दिवसभर पाटात उड्या मारतात. धप्पकन आवाज होतो, शिव्या होतात, हसणं होतं. ती मरायला चाललीत असं आजवर कुणालाही वाटलेलं नाही. बाई पाटात उतरते ती धुणं घेऊन, नाहीतर जीव द्यायला. तिसरं कारण गावाच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

एप्रिलच्या आवर्तनात ते घडलं. त्या सकाळी धनश्रीचा दम संपत आला होता, दोर ताणला होता. पुलावरून काकासाहेब मोटारसायकलवर चालले होते. सोसायटीचे माजी चेअरमन, गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर कोपऱ्यात तरी असणारे. मागे जनावरांचा घास कापायला विळा-कोयता बांधलेला. त्यांनी पाण्यात हात मारणारी बाई पाहिली आणि तिच्या कमरेचा दोर पाहिला. कमरेला दोर म्हणजे दुसऱ्या टोकाला धोंडा, हे त्यांना माहीत होतं. या भागात ते सगळ्यांनाच माहीत आहे, आणि माहीत असण्याची कुणाला लाज वाटत नाही. ते कोयता घेऊन पायऱ्या उतरले आणि त्यांनी दोर तोडला.

धनश्री कोलमडली. नाकात पाणी गेलं, दोराचं तुटकं टोक पायांत गुंतलं आणि पाटानं तिला उचललं. सिमेंटच्या उतारावर शेवाळ. हात लागतो आणि निसटतो. त्या बादलीतल्या सवयीनंच तिनं श्वास आवरला, पाय सोडवले, शेतांकडं फुटणाऱ्या पुढच्या चारीच्या दारापाशी काठ धरला आणि स्वतःच्या बळावर वर चढली. चढताना कुणीतरी तिचं मनगट पकडलं. काकासाहेब काठाकाठानं पळत आले होते. पुलावरच्या एकानं नेमका तेवढाच फोटो काढला.

दुपारपर्यंत तो फोटो गावाच्या सगळ्या ग्रुपवर होता. 'देवदूत काकासाहेब.' खाली हात जोडलेली चित्रं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत दळण कमी आणि बायका जास्त. डबा ठेवायच्या आणि धनश्रीकडं न बघता आत रंगुबाईंकडं बघायच्या. एकीनं तर हलकेच विचारलं, "लई जाच हाय का गं?" धनश्री म्हणाली, "मी पोहत होते." त्या बाईनं मान हलवली. सगळ्या असंच सांगतात, असा त्या मानेचा अर्थ होता.

रंगुबाईंनी जेवण सोडल्यासारखं केलं. "तू पवतीस आन् शेण माझ्या तोंडात! मी जाच केला तुला?"

"केला ना. रोज मासळी म्हणता."

"चेष्टा सुचतीय हिला." रंगुबाईंचे डोळे भरले. "एक तारखेला ग्रामसभा हाय. काकासाहेबाचा सत्कार हाय. दोन शब्द आभाराचं बोल, आन् मोकळी हो. आमी पन मोकळं."

रविराजही तेच म्हणाला, फक्त हळू आवाजात. "दोन शब्दांनी काय जातंय, धनू?"

काय जात होतं ते धनश्रीला नीट कळत होतं. आभार मानले की ती कायमची जीव द्यायला गेलेली बाई ठरणार होती. आणि अशा बाईला कुणी पुन्हा पाटाकडं फिरकू देत नाही. तळं, स्पर्धा, सगळं त्या दोन शब्दांत बुडणार होतं.

एक मेला काकासाहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी स्वतःच ठराव मांडला: महिलांनी व मुलींनी पाटाच्या पाण्यात उतरू नये. आणि मोठ्या मनानं माईक धनश्रीकडं दिला. "बोल पोरी. घाबरू नको."

"मी घाबरत नाही," धनश्री म्हणाली. "काका, तुम्ही मला वाचवलं नाही. तुम्ही माझा दोर तोडला. तो भरून द्या."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. काकासाहेबांची शाल खांद्यावरून घसरली. "अगं, मी डोळ्यानं बघितलं! बुडत हुतीस तू!"

"पोहत होते. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पुलावरची पोरं रोज बुडताना दिसत नाहीत तुम्हाला?" तिचा आवाज आता कापत होता, पण खाली येत नव्हता. "दोन वर्षांपूर्वी पूजा गेली याच पाटात. माझ्याकडं दळण आणायची. दंडावरचे वळ पदरानं झाकून उभी राहायची. तिच्यासाठी कुठला ठराव झाला? सगळं गाव म्हणालं, पाय घसरला. जी मेली तिचा पाय घसरला, आणि मी पोहत होते तर मी जीव द्यायला गेले. असं कसं काय ठरवता हो तुम्ही?"

पूजाचा सासरा तिसऱ्या रांगेत होता. तो मोबाईलमध्ये बघायला लागला.

ठराव पास झाला नाही. पण हे बोलणं ऐकून गाव शरमलं म्हणून नव्हे. मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "पाण्यात उतरायचं न्हाई, मग धुनं काय तुमच्या वट्यावर धुवायचं का?" बायकांत एकच गलका झाला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. एका बाईच्या मरणानं जे झालं नाही ते धुण्यानं केलं. धनश्रीला त्याचा आनंद वाटायला हवा होता. तिची कानशिलं तापलेली होती.

घरी येताना रंगुबाई दोन पावलं मागं चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"पूजीचं नाव काढाया नको हुतं."

"का?"

"पाय घसरला म्हनून पयल्यांदा आमीच म्हनलो हुतो. समद्या बायका. मयताला बसलो तवा." आणि पदर सावरत त्या पुढं निघाल्या.

दोर काकासाहेबांकडून आजतागायत आलेला नाही. रविवारच्या बाजारातून धनश्रीनं स्वतःच नवा आणला आणि सोमवारी उजाडता पाटावर गेली. कडीला गाठ मारताना मागं चपलांचा आवाज आला. रंगुबाई होत्या. पायऱ्यांवर, सगळ्या पुलाला दिसेल अशा जागी, त्या मांडी घालून बसल्या. ऊन चढलं तसे पुलावर चार-सहा जण रेंगाळले. एकानं मोबाईल वर धरला.

"काय रं, तमाशा हाय का?" रंगुबाई बसल्या जागेवरून कडाडल्या. "सून हाय माझी. पवतीय. दिसतंय न्हवं? मग व्हा म्होरं!"

मोबाईल खाली गेला. माणसं मात्र हलली नाहीत. कठड्याला टेकून ती बघत राहिली. धनश्रीनं प्रवाहाच्या तोंडावर हात मारत दम टिकवला, दमली तेव्हा कडी धरून थांबली, तोंडावरचं पाणी निपटलं. पुलाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. सासूचा चेहरा उन्हानं लालबुंद झालेला तिला दिसला.

"आत्याबाई, उन्हात नका बसू, डोकं धरंल तुमचं. पलीकडं बाभळीखाली सरका."