नरसूमामाची वायर

मागात बिघाड झाला की नरसूमामा आधी त्याच्या सांगाड्यावर पालथा तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. सगळी शेड धडधडत असायची आणि हा माणूस नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा उभा. मग डोळे उघडून म्हणायचा, "बेरिंग हाय," नाहीतर "पट्टा ढिला हाय." त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. कानांवर त्याची भिस्त नव्हतीच. चाळीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यावर ते कान कधीच गेले होते.

सोलापुरात आमच्या घराच्या मागे अंगण आहे आणि अंगणापलीकडे टॉवेलच्या मागांची आमची शेड. नरसूमामा तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. खरं नाव नरसय्या, घरची भाषा तेलुगू. मी लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून शेडभर हिंडलो, म्हणून तो माझा मामा. बोलायचा मोठ्यानं, ऐकायचा समोरच्याच्या ओठांवरून. शेडमधल्या बाकीच्यांशी हातांनीच बोलायचा. मागांच्या गलक्यात सगळेच तसं बोलतात. दोन बोटं ओठांना लावली की चहा, मूठ वळून फिरवली की माग बंद कर. त्याचं एक वाक्य मात्र आम्हां सगळ्यांना पाठ होतं: "आधी आपला हात तपासायचा, मग मशीनला नाव ठेवायचं." नव्या कामगाराला तो हे पहिल्याच दिवशी ऐकवायचा. मलाही गणिताच्या पेपरात नापास झालो तेव्हा ऐकवलं होतं.

त्याची एकुलती एक मुलगी पद्मा लग्न होऊन भिवंडीला गेली आणि त्याचं बोलणंच तुटलं. फोनवर त्याला काही ऐकू येत नसे. हा इकडून ओरडून "बरी हाय का?" विचारायचा आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवून द्यायचा. तरी वर म्हणायचा, "बरी हाय म्हनली."

मी घरून काम करायला लागलो त्या वर्षी बाबांच्या डोक्यात शेडमध्ये कॅमेरा बसवायचं आलं. त्यासाठी घरातलं वायफाय शेडपर्यंत न्यायला हवं होतं. घराची जाड भिंत आणि शेडचे पत्रे, यांच्यामध्ये रेंजचा जीव अंगणातल्या नळापाशीच जायचा. मी बाजारातून एक रेंज वाढवायचं यंत्र आणून लावलं. रेंज नळापासून कर्दळीपर्यंत गेली, तिथून हलेना. नरसूमामा माझी धावपळ बघत होता. शेवटी म्हणाला, "हितं मानसाचा आवाज जात न्हाई, तुजी रेंज कुटनं जाणार? वायर टाक की सरळ."

त्याला कॅमेऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "लावा की. माज्या कामात झाकायचं काय हाय?" मग मी दुसरी गोष्ट सांगितली. माझा एक जुना फोन पडून होता. त्याची सिमची जागा मोडली होती, पण वायफायवर तो उत्तम चालायचा. शेडमध्ये वायफाय आलं तर त्यावर पद्मा दिसेल. ती याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत वाढलेली, हातांची भाषा तिला बापाइतकीच येत होती. नरसूमामानं माझ्या ओठांकडे बघत ते दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी तो कुदळ घेऊन आला. अंगणात वीतभर खोल चर खणला, उंदरांनी कुरतडू नये म्हणून वायर पाइपातून ओवली आणि वर विटांचे तुकडे लावले. मी शेडमध्ये दुसरा राउटर बसवला. त्याला वायरनंच कॅमेरा जोडला, फोनसाठी वायफायचा पासवर्ड टाकला आणि भिवंडीला फोन लावला. पद्मा दिसली. मग तिनं दोन बोटं ओठांना लावली, चहा झाला का म्हणून, आणि नरसूमामा लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढे रोज बाप-लेकीचं बोलणं होऊ लागलं. फक्त पद्माच्या कामावरची जेवणाची सुट्टी आमच्यापेक्षा थोडी उशिरा. त्यामुळे आमचे माग सुरू झाल्यावरही नरसूमामा दहा मिनिटं बसलेला असायचा. फोन मांडीवर टेकवलेला, एक हात बोलत असायचा आणि दुसरा तळहात शेजारच्या मागावर. धडधडीत फरक पडला की फोन ठेवून उठायचा. बाबांना कॅमेऱ्यात फक्त बसलेला माणूस दिसला. "फुकटचं वायफाय अंगात आलंय," ते म्हणाले. "पासवर्ड बदल. आजच." मागावरचा तो दुसरा हात मला दिसला होता. एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, आजही. मी पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन माझ्याकडे आला. "चालंना की रे."

मला खरं सांगता आलं असतं. निदान राउटर बिघडला असं तरी. तोंडातून निघालं, "वायरीत काहीतरी दोष असेल."

त्यानं मान डोलावली. वायर त्यानं टाकलेली होती. आधी आपला हात तपासायचा.

सुट्टीच्या दिवशी शेड बंद असताना तो कुदळ घेऊन आला आणि त्यानं सगळा चर पुन्हा उकरला. भर उन्हात वायर पाइपातून ओढून काढली आणि इंचाइंचानं बोटांतून सरकवत गेला. कुठं चिमटा, कुठं दाताची खूण. मी वर माझ्या खोलीत होतो. खाली जाऊन "मामा, थांब" म्हणायचं होतं. तीनदा उठलो, तीनदा बसलो. या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज दुसऱ्या कशानं वाटलेली नाही.

संपूर्ण वायर तपासून, पुन्हा जोडून तो शेडमध्ये शिरला. मी फोनवर कॅमेरा उघडला. तो स्टुलावर चढला. त्याच वायरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यानं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला आणि माझा पडदा काळा झाला. मागावर ठेवायचा तसाच ठेवला असणार. हात निघाला तेव्हा त्याचा चेहरा पडदाभर होता. त्याला मी दिसत नव्हतो, तरी मीच मान खाली घातली.

त्यानं वायर पुन्हा पुरली, वर विटा पहिल्यासारख्या लावल्या. मग दारात येऊन टॉवेलात गुंडाळलेला माझा फोन पुढं केला. "वायर चांगली हाय," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्यानंतर दोन वर्षं तो कामावर येत राहिला. माग तसेच तळहातानं ओळखायचा. मी बोलायला गेलो की मात्र माझ्या ओठांकडे बघायचा नाही, आणि न बघितल्यावर त्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. घरीच, तापानं. दिवस झाल्यावर पद्मा त्याची पान्ह्यांची पिशवी न्यायला आली. शेडकडे न जाता अंगणातच, कर्दळीपाशी उभी राहिली.

"दसऱ्याला मी आले तवा नायना हातानंच सांगत होता," ती म्हणाली. बापाला ती नायना म्हणायची. "वायर माज्याकडनंच कच्ची पडली, मालकांच्या पोरानं लई धडपड केली म्हनून." मग शेडकडे बघून तिनं विचारलं, "आता तरी येतीय का हो तितं रेंज?"

मी म्हणालो, "नाही."

"वय झालं होतं," ती पिशवी उचलत म्हणाली. "हात ऱ्हायला नसंल त्याचा पयल्यासारका."

मी पिशवीचा दुसरा बंद धरून तिला रस्त्यापर्यंत सोडलं.