हुकावरचं वजन

गुरुवार, मार्गशीर्षातला दुसरा. सकाळी साडेसहा. उदगीर, गोदामासमोरचं आवार.

हजर: मी. अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, मंडप-भांड्यांच्या या धंद्याचे मालक. सलीम, ड्रायव्हर. बसवंतमामा, हे गोदाम सांभाळतात. पूर्वी आमचे ड्रायव्हर होते.

फेरीची वही मी अशीच सुरू करते. तारीख, वेळ, कोण हजर, मग माल. आज मालाची यादी शेजारच्या पानावर आहे. या पानावर दुसरंच लिहिते आहे, आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. बसा जरा.

आधी कामाचं सांगते. ते मला सोपं जातं.

छोट्या पिकअपला मागे दोन चाकी ट्रेलर जोडला की पिकअप मागे बसते. थोडी बसणारच. पण फार बसली तर तोंड वर होतं, पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकल्यासारखी राहतात, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही. म्हणून ट्रेलर जोडण्याआधी मागच्या बंपरची जमिनीपासूनची उंची मोजायची, जोडल्यावर पुन्हा मोजायची. आमच्या गाडीला चार बोटांचा फरक चालतो. जास्त दिसला तर माल उतरवायचा आणि जड वस्तू ट्रेलरच्या चाकांवर, किंचित पुढे, अशा ठेवायच्या. सगळं मागे ढकलायचं नाही — मग ट्रेलर शेपटी हलवत येतो. हवा तपासायची. आणि ट्रेलर जड असेल त्या दिवशी पिकअपच्या हौद्यात जड काही भरायचं नाही.

मागच्या वर्षी लातूरला आम्हा मंडपवाल्यांची बैठक झाली. तिथे मला हे सगळं सांगायला लावलं. चार बोटांची पद्धत म्हणून लोकांनी लिहून घेतलं, टाळ्या वाजवल्या. अण्णा पहिल्या रांगेत होते. नंतर सगळ्यांना सांगत होते, "आमच्या घरची सून हाय. हिच्या यादीबाहेर एक चमचा जात न्हाई."

मी हसले. हे सगळं बसवंतमामांनी शिकवलं, हे तिथे सांगितलं नाही. पण तेही छोटंच. खरं त्याच्या आधीचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी फेऱ्यांचं काम अण्णांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. सहा महिने बघू म्हणाले. मी वही घेतली, याद्या केल्या. माझ्या यादीत एक नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता: जे आधी लागतं ते शेवटी भरायचं. ट्रेलर फक्त मागून उघडतो ना — म्हणजे तिथे पोचल्यावर फळी पाडली की हवं ते हाताशी. निलंग्याजवळच्या एका लग्नाला निघालो होतो. सकाळी हळदीला खुर्च्या आणि सतरंज्या लागणार, म्हणून त्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला. जेवणाची पातेली त्यांच्या पुढे. आणि जनरेटर वरातीलाच लागणार, म्हणून सगळ्यात पुढे, अगदी हुकाला लागून. गॅसच्या भट्ट्या पिकअपच्या हौद्यात. यादी देखणी होती. वजन मात्र त्यात कुठेच नव्हतं.

मामांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "अक्का, गाडी मागं बसायली. जनरेटर चाकावर घेऊ. बैलगाडीत कसं, लई पुढं भरलं की बैलाच्या मानंवर येतंय आन् लई मागं भरलं की गाडी उलाळती. तसंच हाय हे."

मी घड्याळ बघितलं. जनरेटर हलवायचा म्हणजे सगळा ट्रेलर रिकामा करायचा, माझी यादी उलटी करायची. म्हटलं, "मामा, ही बैलगाडी नाही. चला."

वाटेत ते पुन्हा म्हणाले, "स्टेरिंग हलकं लागायलंय." एका धाब्यासमोर गाडी हळू केली. थांबून माल हलवू म्हणाले. मी म्हटलं, थांबायचं नाही, उशीर होतो आहे. लक्षात घ्या — दोनदा सांगितलं होतं. दोनदा. काचेतून रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसत होतं, ते मलाही दिसत होतं की. मग मी कशाकडे बघत होते? मांडीवरच्या वहीकडे.

पुलाअलीकडच्या वळणावर मामांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. तुरीच्या शेतात. ट्रेलर आडवा झाला. मला खरचटलंसुद्धा नाही. मामांच्या खांद्याचं हाड मोडलं.

गाडीत दोघंच होतो. साक्षीदार म्हणाल तर मी एकटी.

उदगीरला दवाखान्यात अण्णा धावत आले. मामा कॉटवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपेचं इंजेक्शन दिलंय. अण्णांनी विचारलं, "कसं झालं गं?" आणि मी —

किती सोपं होतं ते. आधी ठरवलेलं नव्हतं, घोकलेलं नव्हतं. तोंडातून आलं तेव्हा खरंच वाटलं मला. मी म्हणाले, "मामांचा डोळा लागला असेल, अण्णा."

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — ट्रेलर बघायचे तसं, कुठे किती वजन आहे ते. मग छताकडे बघून म्हणाले, "हाव अण्णा. लागला असंल."

ते काम हातातून जाईल अशी भीती मला होती, हे खरं आहे. ते कारण म्हणून सांगत नाही. भीती सगळ्यांनाच असते. सगळे असं बोलत नाहीत.

हाड जुळलं. पण अण्णांनी मामांना पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं नाही. गोदामात घेतलं — मोठ्या मनाने घेतलं असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. अकरा वर्षांत साधा ओरखडा न पाडलेला माणूस पातेली मोजायला बसला. गावात दुसऱ्या कुणीही त्यांना गाडी दिली नाही. झोपणाऱ्या ड्रायव्हरला कोण देईल?

आणि त्यांनी काय केलं? कामावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात पांढरा रंग आणला आणि ट्रेलरच्या आत चाकांच्या बरोबर वर एक पट्टा ओढला. मला बोलावून म्हणाले, "अक्का, यादी तुमचीच ऱ्हाऊ द्या. फक्त जड ते या पट्ट्यापाशी." बंपरला बोटं लावून मोजायला शिकवलं. अण्णांनी तोवर गाडी दुरुस्त करून घेताना मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले होते. मागची बाजू उंच झाली, मला हायसं वाटलं. मामांनी मान हलवली. "पाटा वाढवला म्हणून वजन कमी झालं न्हाई अक्का. नुस्तं दिसंना झालं. हुकावर हाय तेवढंच हाय." दरवेळी जोडण्याआधी आणि नंतर मोजायचं, पाट्यांवर विसंबायचं नाही, हे तेव्हापासून.

नऊ वर्षांत आमची एकही गाडी रस्ता सोडून गेली नाही. भोकर, नांदेड, निलंगा, उन्हाळ्यातल्या दाट तिथी, पावसात चिखलात रुतलेले ट्रेलर — प्रत्येक वेळी माणसं घरी परत आली. सलीमची दोन पोरं आहेत. रोज संध्याकाळी त्याची गाडी आवारात वळताना दिसली की मी मनात मामांचं नाव घेते. देवाचं घ्यावं तसं. माझं काम, माझा मान, लातूरच्या त्या टाळ्या — सगळं या माणसाच्या चार बोटांवर उभं आहे. त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. टोमणासुद्धा नाही. एवढं मला कुणी कधी दिलेलं नाही आणि मी ते मागितलेलंही नव्हतं.

टोमणे दुसरेच मारतात. आज सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन बाहेर आले. "बसवंता, हूक लाव. पण लावता लावता झोपू नको बाबा!"

सलीम खो खो हसला. मामाही हसले. "न्हाई अण्णा, आज दोन कप झालेत माझे."

नऊ वर्षं हाच विनोद. नऊ वर्षं मी वहीत बघते. आजही बघितलं.

आज गाडी निलंग्याला जायची आहे. त्याच रस्त्याने. सलीमबरोबर मामा जाणार आहेत, उतरवायला. जनरेटर पट्ट्यावर, पातेली त्याच्या अंगाला, खुर्च्या पुढे-मागे सारख्या. हौदा रिकामा. मामा बंपरपाशी उकिडवे बसले, बोटं लावली, उठताना गुडघ्यावर हात टेकला.

"चार बोटं. बरोबर हाय, अक्का."

शेजारच्या पानावर यादी आहे. सतरंज्या, खूण. खुर्च्या, खूण. पातेली, भट्ट्या नाहीत, जनरेटर, हवा, हूक, साखळी, बंपर, खूण, खूण. शेवटची ओळ मी दर फेरीला पुढच्या पानावर उतरवत आले आहे. आधी नुसतं 'अण्णांशी बोलणे' असं लिहायचे, कुणी वही उघडली तरी कळू नये म्हणून. आज पूर्ण लिहिली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. अण्णा ओट्यावर बसून पेपर वाचतायत, माझ्यापासून दहा पावलांवर.

'अण्णांना सांगणे — मामा झोपले नव्हते. माल मी भरला होता.'

पुढे खूण नाही.