राखीव गोलरक्षक मॅलकी टूही

मॅलकी टूही माझा मेहुणा. त्याची बहीण नोरीन माझी बायको, पण ते पुढचं. त्याआधी कित्येक वर्षं आमच्या किलक्रोन गावच्या हर्लिंग संघात, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या आयरिश खेळात, तो गोल राखायचा आणि मी त्याच्या पुढ्यात बचावाला उभा असायचो. त्यामुळे मॅच चालू असताना मी त्याला फारसं कधी पाहिलंच नाही. फक्त ऐकलं.

"डावीकडे, गॅरेट! अरे, डावीकडे! झोपलास का लेका? त्या लाल केसवाल्याला सोडू नकोस!"

चेंडू पार पलीकडच्या टोकाला असला तरी मागून आवाज चालूच. दोन खांबांच्या मध्ये त्याच्या येरझाऱ्या चालायच्या, हातातल्या काठीनं तो गवत खरवडत राहायचा. मैदान राखणारा म्हातारा टिमी दर सोमवारी तिथं माती भरायचा आणि टूहींच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करायचा.

मॅलकी घरी उभ्यानं जेवायचा. प्रार्थनेला चर्चमध्ये दाराशी उभा राहायचा. "बूड टेकव रे जरा, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून," असं त्याची आई म्हणायची. शेतांवरून दूध गोळा करून डेअरीला पोचवायचा ट्रक तो चालवायचा. तेवढीच नोकरी त्याला मानवली, कारण ट्रक तरी चालता असायचा.

आणि अशा माणसाला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, संघानं निवडलं ते राखीव गोलरक्षक म्हणून. म्हणजे बाकावर बसायला!

काउंटीचा पहिला गोलरक्षक कॉन लूबी. शेजारच्या गावचा सुतार, आडव्या अंगाचा, शांत. मॅलकीचं काम एवढंच, की मॅचच्या आधी कॉनवर चेंडू मारून त्याचा हात गरम करायचा आणि मग ओव्हरकोट चढवून बाकावर बसायचं. सरावाला दोघं कॉनच्याच गाडीतून जायचे. चांगली गट्टी होती. पण माझ्याजवळ तो कुरकुरायचा.

"साधं पडसंसुद्धा होत नाही रे त्याला."

"म्हणजे व्हावं असं वाटतं तुला?"

"नाही रे," म्हणायचा, आणि उठून अंगणात जायचा.

अशी त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आमची काउंटी प्रांताच्या फायनलला पोचली. फायनलच्या आठवड्यात कामावर तुळई उतरवताना ती कॉनच्या डाव्या अंगठ्यावर पडली. चेंडू पकडायचा तो हात. प्रशिक्षक जेर कॉन्सिडाइनला तो म्हणाला, "थोडा सुजलाय, रविवारपर्यंत उतरेल."

रविवारी, फायनल होती त्या थर्ल्स गावी, मुख्य मैदानामागच्या हिरवळीवर मॅलकी त्याच्यावर चेंडू मारायला लागला. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात काही फरक नाही.

पहिले काही चेंडू मॅलकीनं अलगद मारले. कॉन ओरडला, "कुरवाळतोस काय? मार की!"

मॅलकीनं सणसणीत मारला. चेंडू कॉनच्या तळव्यावर बसला आणि खाली पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला कॉननं हातच मागं घेतला. चेहरा पांढराफटक. पट्टीखालून अंगठा काळानिळा दिसत होता.

"जेरला बोलू नकोस," कॉन म्हणाला. "मॅचच्या गडबडीत कळणारही नाही मला. मॅलकी, ऐकतोयस ना?"

मॅलकीनं मान हलवली. हो म्हणून हलवली. चेंडू गोळा केले, पिशवीत भरले, आणि तिथून सरळ ड्रेसिंग रूममध्ये जाऊन जेरला म्हणाला, "हात गेलाय त्याचा. पकड उरलेली नाही."

जेरनं कॉनला आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत एक चेंडू जवळून त्याच्याकडे फेकला. कॉनला तो धरता आला नाही. जेरनं पहिल्या गोलरक्षकाचा शर्ट मॅलकीकडे टाकला. कॉन भिंतीकडे तोंड करून ओव्हरकोट चढवत होता.

मी नोरीनबरोबर प्रेक्षकांत होतो. मॅलकी धावत बाहेर आला तेव्हा ती माझं मनगट धरून ओरडली, "हा काय करतोय तिथं?"

त्या दिवसासारखा मॅलकी मी पुन्हा पाहिला नाही. एक चेंडू त्यानं छातीवर घेतला, एक पायानं अडवला. एकदा तिघं जण एकदम चालून आले, तर हा त्यांच्या काठ्यांच्या मध्ये सरळ घुसला आणि भुवई फुटलेली घेऊन उठला. चेंडू दांडीखालून गेला तर गोल, तीन गुणांचा; वरून गेला तर एकच गुण. गोल त्यानं एकही जाऊ दिला नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो. तेवढ्यात आमच्या चुकीवर त्यांना फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळाली. लांबून मारलेला चेंडू मॅलकीच्या उंचावलेल्या काठीच्या वरून, आडव्या दांडीवरून निघून गेला. एक गुण. बरोबरी.

मॅच काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायची ठरली. तोवर कॉनचा अंगठा बरा झाला, आणि जेरनं कॉनलाच उभा केला. त्याही दिवशी आधी चेंडू मॅलकीनंच मारले. दोघांत एक शब्द नाही. आम्ही जिंकलो. सगळी काउंटी नाचली. मॅलकी ओव्हरकोटात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पबमध्ये लोक बोलायचे ते बोललेच. "मित्राची जागा लाटली." "अहो, पण तो नसता तर पहिलीच मॅच हरलो असतो." मॅलकीनं काउंटीचा संघ सोडला. कॉननं त्याला पुन्हा कधी गाडीत घेतलं नाही, रस्त्यात दिसला तरी मान वळवली.

त्यानंतर मॅलकी आमच्याकडे यायचा, चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचा.

"गॅरेट, मी ते संघासाठी सांगितलं की माझ्यासाठी?"

"दोन्हीसाठी असेल. काय फरक पडतो?"

"पडतो."

"मग बस आणि ठरव एकदाचं," नोरीन वैतागायची. तो कप तसाच ठेवून निघून जायचा.

चाळिशी उलटेपर्यंत तो किलक्रोनसाठी खेळला. पुढे जेर वारला. अंत्ययात्रेला सगळे जुने खेळाडू आले. दफन झाल्यावर कॉन आपणहून मॅलकीजवळ आला. मी शेजारीच होतो.

"हात खरंच गेला होता रे," कॉन म्हणाला. "पहिल्याच चेंडूला गोल खाल्ला असता मी."

"माहितेय."

"राग त्याचा नव्हता. तू मान हलवलीस. तोंडावर नाही म्हणाला असतास, तर मीच जाऊन सांगितलं असतं जेरला."

मॅलकीनं त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतंस?"

कॉननं बुटावरची माती गवताला पुसली. मग म्हणाला, "नाही. नसतं सांगितलं." आणि हात पुढे केला. मॅलकीनं तो धरला, जरा जास्तच वेळ धरला.

परतताना गाडी मी चालवत होतो. वाटलं, चला, इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आता तरी हा निवांत होईल. पण त्याचा पाय गाडीत सारखा हलत होता.

"मिटलं ना?" मी विचारलं.

"त्याचं मिटलं." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "त्यानं स्वतःचं खरं सांगून टाकलं. माझं काय ते मला अजूनही सांगता येत नाही."

चौफुलीवर त्यानं मला गाडी थांबवायला लावली आणि उतरला. "चालत येतो मी."

"अरे, पाऊस पडतोय! घर केवढं लांब आहे!"

"नोरीनला सांग, जेवायला थांबू नका," म्हणाला, कोटाची कॉलर वर केली आणि भराभर चालू लागला.