मामांचा वस्तरा आणि मास्तरांचा गळा

टाचणीमास्तरांच्या ओठांत दिवसभर टाचण्यांची रांग असे. शिलाईचा धंदा, त्यामुळे माप घेताना, दुमड घालताना टाचण्या ठेवायला तोंडाइतकी हाताशी जागा दुसरी नाही. परिणामी जगातल्या सगळ्या प्रश्नांना मास्तरांचं एकच उत्तर असे : "हं." बाही लांब हवी का? हं. मग आखूड करू या का? हं. या एका हुंकारावर त्यांचं दुकान आणि संसार दोन्ही सुरळीत चालले होते. बायको म्हणे, आमचं लग्न ठरलं तेव्हाही यांच्या तोंडात टाचण्याच असणार. मास्तर त्यावरही हं म्हणत.

अशाच एका हुंकारानं त्यांचा गळा धोक्यात आला.

झालं असं, की मास्तरांचे सासरे, ज्यांना ते मामा म्हणत, आपलं दाढी-कटिंगचं दुकान बंद करून लेकीकडे राहायला आले. सोबत एक पत्र्याची पेटी आणि पेटीत मऊ फडक्यात गुंडाळलेला वस्तरा. आख्ख्या पेठेच्या हनुवट्या त्या वस्तऱ्याखालून गेलेल्या. मग दुकान का बंद केलं? मामा सांगत, वस्तरा बिघडला. धार राहीना. शेवटी शेवटी त्यांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या गालावर कापसाचे बोळे असत, आणि लोक त्याला कुठं अपघात झाला असं विचारत. दोष सगळा वस्तऱ्याचा. हे सांगताना मामांच्या हातातला कप बशीवर असा किणकिणे, की दारात कुणी सायकलची घंटी वाजवतंय असं वाटावं. पण घरात तो आवाज कुणालाच ऐकू येत नसे. लेक फक्त कप अर्धाच भरून देई.

दुकान बंद झाल्यापासून मामांनी स्वतःची दाढीही करायचं सोडलं होतं. वस्तऱ्याला नीट धार लागली की काढीन, म्हणत. दुसऱ्या न्हाव्यापुढं मान तुकवणं म्हणजे त्यांच्या लेखी धर्मांतरच. दाढी वाढत गेली, तिच्यात बिस्किटांचा चुरा मुक्कामाला येऊ लागला, आणि आयुष्यभर लोकांचे गाल चकचकीत ठेवणारा माणूस आरशासमोरून जाताना मान फिरवून जाऊ लागला.

एके दिवशी मास्तर एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून विजारीची दुमड टाचत होते. मामा आतून आले. जावईबापू, तुमचा रोजचा संबंध कात्रीशी, तेव्हा एवढ्या वस्तऱ्याला धार लावून आणा, म्हणाले.

"हं."

"धार लागली की पहिली दाढी तुमची करतो. मग माझी. चालेल ना?"

"हं."

मामा खूश होऊन आत गेले. मास्तरांनी एकेक टाचणी विजारीत खोवली, तोंड रिकामं झालं आणि मग त्यांना उमगलं आपण कशाला हं म्हणालो ते. विजारीतल्या गिऱ्हाइकानंही मास्तरांच्या गळ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

बायको म्हणाली, "अहो, नाही म्हणा ना सरळ."

"कारण काय सांगू?"

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते सांगायचं कुणालाच नव्हतं.

मास्तर वस्तरा घेऊन गेले ते त्यांच्या कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे. तो पायानं चाक फिरवी आणि ठिणग्यांचा असा फवारा उडवी, की बघणाऱ्यालाच धार आल्यासारखी वाटे. मास्तरांचा त्याच्यावर पूर्ण भरवसा. चूक झाली ती इथंच. कात्रीच्या पात्याला एकाच अंगानं धार असते, वस्तऱ्याला दोन्ही अंगांनी. शिंप्याचा भरवसा कात्रीपुरता, आणि धार लावणाऱ्याचा हातही कात्रीपुरता. वस्तरा परत आला तेव्हा त्याला चांगले दात फुटले होते. मामांनी तो उजेडात धरला, फडक्यात गुंडाळला, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. भूक नाही, एवढंच म्हणाले. मास्तरांना आपण कुणाच्या तरी लग्नाचा कोट उलटा शिवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच मामांपुढं जाऊन बसले. शिकवा, म्हणाले.

शिकवणी खिडकीशी सुरू झाली. दगड पाण्यानं ओला करायचा. वस्तरा त्यावर अगदी पालथा पाडायचा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. धार पुढं ठेवून न्यायचा, जोर लावायचा नाही. मास्तर जोर लावत. मामा सांगत, अहो, दगडाला मारायचं नाहीये, त्याच्यावरून साय काढायचीय. हळूहळू दात गेले. मग पाळी आली चामड्याच्या पट्ट्याची. त्यावर उलट, पाठ पुढं आणि धार मागं. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर पालटायचा, धारेवर कधीच नाही. मामांचा पट्टा वाळून तडकला होता, म्हणून मास्तरांनी कमरेचा काढून दाराच्या कडीला अडकवला. पण कापड मशीनखाली जसं गर्रकन वळवतात तसा त्यांनी सवयीनं वस्तरा धारेवर वळवला, आणि पट्टा कडीशी अर्धा, हातात अर्धा. पुढचे काही दिवस साऱ्या गल्लीच्या विजारी शिवणारा माणूस स्वतःची विजार एका हातानं धरून हिंडत होता.

बायकोनं बाजूला घेऊन सुचवलं, धार लागूच देऊ नका. जरा बोथट राहिला तर बिघडलं कुठं? मास्तरांना हा तोडगा बेहद्द आवडला. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, वस्तरा थोडा बोथट असला तर चालतो ना? मामांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, बोथट वस्तरा केसाला अडतो, अडला की हात रेटतो, आणि रेटला की कातडीत घुसतो. धार असेल तर तो नुसता सरकतो. मास्तरांनी गळ्यावरून हात फिरवला आणि जेवण उरकून पुन्हा दगडाशी जाऊन बसले.

आता ते जिवावर उदार होऊन धार लावत होते. तपासायला म्हणून हातावरची लव काढून बघत. डावा हात गुळगुळीत झाला, मग पोटऱ्यांवर पाळी आली. गिऱ्हाइकं विचारत, मास्तर, काही त्वचेचा आजार? हं. शेवटी एका सकाळी पोटरीवर वस्तरा नुसता टेकला, तोच लव आपसूक गळून पडली. मास्तरांना आनंद झाला, आणि मग त्यांनी सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावून घेतलं.

मामांनी खुर्ची खिडकीपाशी, उन्हात ठेवायला लावली. मास्तरांच्या गळ्याशी पंचा बांधला. ब्रश फिरवायला घेतला, तर हात मुळातच थरथरता असल्यानं फेस असा फुलला, की तो मास्तरांच्या कानांपर्यंत गेला. लेक दाराशी पदराचं टोक मुठीत धरून उभी. मामांनी वस्तरा उघडला.

पात्यावर ऊन पडलं आणि त्याचा कवडसा छतावर चढला. तिथं तो नाचू लागला. पालीमागं धावल्यासारखा, इकडून तिकडं, क्षणभरही एका जागी ठरेना.

मामांनी वर बघितलं. मास्तरांनी बघितलं. लेकीनं खाली बघितलं.

मास्तरांच्या तोंडात आज एकही टाचणी नव्हती. हवं ते बोलता आलं असतं. त्यांनी डोळे मिटले, मान मागं टेकवली आणि म्हणाले, "करा, मामा."

गालाला पातं लागलंच नाही. मग वस्तरा मिटल्याचा बारीक आवाज आला.

"उठा."

"धार नाही लागली?"

"लागलीय. चांगली लागलीय." मामांनी पंचा सोडवला. "म्हणूनच उठा. ज्यानं लावली त्यानंच आधी चालवून दाखवावी. माझी करा."

मामा खुर्चीत बसले. एवढ्या दाढीत वस्तरा शिरणार नव्हता, आधी ती कापायला हवी होती. मास्तरांनी दुकानातून कात्री आणली. कापडाची. त्या कात्रीनं एकदा बायकोनं कागद कापला होता, तेव्हा मास्तर तिच्याशी टाचण्या काढूनही बोलले नव्हते. ती आ वासून बघत राहिली. "अहो, ती कात्री..."

"हं," मास्तर म्हणाले आणि कापू लागले.

मग फेस, मग वस्तरा. मास्तरांच्या स्वतःच्या गालांवरचा फेस एव्हाना वाळून पापडासारखा झाला होता. त्यांनी मामांच्या गालाला पातं लावलं, आणि छतावर कवडसा पुन्हा नाचू लागला. मगाच्यापेक्षाही जोरात.

मामा मान न हलवता वरच बघत होते.

"जावईबापू, हात का कापतोय?"

"हात नाही, मामा," मास्तर म्हणाले. "वस्तराच जरा..."

मामांनी थोडा विचार केला.

"हं," ते म्हणाले, आणि गाल थोडा त्यांच्याकडे वळवला.