अकरा मराठी पत्रं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. उद्या हे सगळ्यांना कळणार आहे. त्याआधी एकदा ते सुरुवातीपासून सांगता येतंय का, एवढंच बघते आहे.

मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते. गावाचं नाव राहू दे. काम असं — कौन्सिलला एखादी सोय बंद करायची असली की आधी लोकांची मतं मागवावी लागतात. ती वाचायची आणि कौन्सिलरांसाठी चार पानांत त्यांचा गोषवारा लिहायचा. काही नवीन उघडायचंय म्हणून मतं मागवल्याचं मला तरी आठवत नाही.

इथल्या मराठी मंडळात मात्र मी सरकारवर तुटून पडणारी म्हणून ओळखली जाते. एवढंसं हे बेट आणि यांचा तोरा केवढा, असं मी सुरू केलं की लोक खुर्च्या जवळ ओढतात. चौकात कारंजं बांधलं, त्याला रंगीत दिवे लावले, आणि त्याच वर्षी म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद केलं — हे माझं ठरलेलं वाक्य. सगळे माना डोलावतात. गायकवाड काकाही डोलावतात. त्यांच्याकडे मला बघवत नाही.

काकांनी या गावात आयुष्यभर बस चालवली. चौदा एप्रिलचा कार्यक्रम अजून तेच ठरवतात. कुणाचाही फॉर्म अडला की म्हणतात, "रागावून काय होतं? अर्ज लिहा, सही करा, पोच घ्या." त्यांच्या शांताकाकूंना विसरायचा आजार. सोमवारी आणि गुरुवारी सेंटरची मिनीबस त्यांना न्यायला यायची. तिथे त्या गाणी म्हणायच्या, जेवायच्या. तेवढ्या वेळात काका झोपून घ्यायचे, कारण रात्री काकू झोपू द्यायच्या नाहीत.

सेंटर बंद करायचं ठरलं तेव्हा नोटिशीत लिहिलं होतं, कोणत्याही भाषेत कळवा. काकांनी खरं मानलं. घरोघरी गेले, आपलं धरून अकरा पत्रं गोळा केली, लिफाफा माझ्या हातात दिला. "मी इंग्रजीत लिहिलं असतं गं," म्हणाले, "पण बाकीच्यांना मराठीतच नीट लिहिता येतं. आणि वाचणारी तू आहेस."

मी वाचली. सगळीच्या सगळी. मी वाचलीच नाहीत, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

त्या पत्रांत एक गोष्ट होती, जी इंग्रजी उत्तरांत कुठेच नव्हती. कौन्सिल म्हणत होती, दुसऱ्या सेंटरला जा. पण तिकडे जाणारी बस आदल्या उन्हाळ्यातच बंद झाली होती. काकांनी रस्त्याचा नकाशा काढला होता — बस कुठे बदलायची, पुढे किती चढ चालायचा. त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

मॅनेजर माझ्या टेबलाशी थांबला. "त्या पत्रांत काही वेगळं आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "तेच सगळं."

का म्हटलं? व्हिसा? तो प्रश्न कधीच सुटला होता. नोकरीची भीती? नव्हती. पत्रांचं भाषांतर करून घ्यायचं तर रिपोर्ट लांबला असता, सभेची तारीख हुकली असती, आणि त्याच आठवड्यात माझा बढतीचा इंटरव्ह्यू होता. शिवाय — हे लिहितानाही हात अडतो — आपल्या माणसांची पत्रं घेऊन येणारी बाई म्हणून मला तिथे दिसायचं नव्हतं. रिपोर्टमध्ये मी माझ्या हातानं वाक्य लिहिलं : प्रवासाबद्दल कुणाचीही हरकत आलेली नाही.

सभेत ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत काका उभे राहिले. "आम्ही हरकत घेतली होती. लेखी." अध्यक्ष म्हणाले, नोंद नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही — आता ही सांगेल, अशा भरवशानं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. हात वर झाले, ठराव पास झाला. बाहेर तेच माझी समजूत घालायला लागले : "ऑफिसात गहाळ झाली असतील. तुझा काय दोष?"

मला बढती मिळाली.

सेंटरला कुलूप लागलं. काका दिवसरात्र काकूंबरोबर. त्या थंडीत एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि काकू घरातल्या सपाता घालून बाहेर पडल्या. सापडल्या त्या सेंटरच्या बंद फाटकाशी. वाट मात्र त्या विसरल्या नव्हत्या. हॉस्पिटल झालं, आणि घरी त्या परत आल्याच नाहीत. आता दुसऱ्या गावातल्या केअर होममध्ये असतात. काका दोन बस बदलून जातात. हल्ली त्या त्यांना बसचा ड्रायव्हर समजतात आणि ते निघाले की, बसमधून उतरल्यासारख्या, थँक्यू म्हणतात. हे त्यांनी मला हसत सांगितलं.

आता लायब्ररीची पाळी आहे. पुन्हा मतं मागवली, पुन्हा लिफाफे माझ्याकडे. मॅनेजरनं पुन्हा विचारलं, काही वेगळं आहे का. या वेळी मी हो म्हटलं, आणि त्याच दिवशी उद्याच्या सभेत बोलायला स्वतःचं नाव दिलं. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. मी कौन्सिलची नोकर म्हणून बोलणार नाही. ती अकरा पत्रं माझ्याकडे आहेत, इंग्रजी करून झालीत. नकाशासकट ती वाचणार, आणि ती कुणी दाबली तेही सांगणार. नियम मोडला म्हणतील. मोडलाच होता — पत्रं दाबली तेव्हा. तेव्हा कुणी जाब विचारला नाही. कारंज्यावर उधळपट्टी त्यांनी केली, हे मी आजही म्हणते, उद्याही म्हणेन. पण रिपोर्टमधलं ते वाक्य त्यांनी लिहिलेलं नाही. ते माझं आहे.

सकाळी आधी काकांकडे जाणार आहे. ऐकून ते कदाचित दार लावून घेतील. लावावं. मी तिथून सभेला जाईन.