तलावावरची न दिसणारी साय

"मॅडम, दवा दिसत न्हाई," नेते काठावरून वाकून म्हणाले.

"दिसणारच नाही, साहेब. एका रेणूइतकीच जाड आहे ती."

साहेबांनी आमच्या प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी माझ्याकडे, आणि ते हळूच म्हणाले, "थोडा रंग तरी टाकायचा होता."

मी हिंगोलीत कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पाणी संपतं आणि हवा सुरू होते त्या सीमेवर रेणू काय करतात, हा माझा रिसर्च. औंढ्याकडच्या एका तांड्याच्या तलावावर आमची ट्रायल चालू होती. मेणासारखी एक पांढरी पावडर पाण्यावर टाकली की तिचे रेणू पाय पाण्यात, डोकं वर असे खेटून उभे राहतात, सेनगावच्या खच्चून भरलेल्या जीपमधल्या माणसांसारखे. त्यातून वाफेला वाट मिळत नाही, पाणी कमी उडतं. वाऱ्यानं हा थर फाटतो, म्हणून पावडर पुन्हा पुन्हा टाकावी लागते. त्यासाठी साहेबांची मंजुरी हवी होती.

तांड्याच्या नाईकांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, मी दोन टब भरून दाखवले होते, एकातच पावडर टाकून. पावडरच्या टबात पाणी जास्त उरलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "चैतात म्हशींना पाणी पुरलं म्हंजी झालं. न्हाईतर त्यांना इकायला बाजार दाखवावा लागतो."

ते टब मी काठावर मांडले होते. साहेब त्यांना वळसा घालून जलपूजनाला गेले. खण, नारळ, हळदकुंकू झालं. मग द्रोणांतले दिवे सोडले. द्रोण लगेच कलंडले, तेल सांडलं आणि पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं.

"आता दिसली," साहेब खूश झाले.

"साहेब, ते दिव्याचं तेल आहे. आमचा थर असता तर तेल असं पसरलंच नसतं. वाऱ्यानं तो पलीकडं नेलाय. रंग आहे तिथं आमची दवा नाहीच."

"मॅडम फार साध्या आहेत," प्राचार्य म्हणाले. "श्रेयच घेत नाहीत." टाळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावला.

मंजुरी आली. अट एकच होती: पाण्यावर रंगीत तवंग स्पष्ट दिसला पाहिजे. माझी पावडर तिथंच नापास झाली. एका ठेकेदाराचं तेल पास झालं.

"सर, म्हशी ते पाणी पितील का?" मी प्राचार्यांना विचारलं.

"पिण्याचा मुद्दा स्कीममध्ये नाही, मॅडम."

चैत्रात नाईकांचा फोन आला. "मॅडम, तलावात पाणी हाय अजून."

"खरंच?"

"व्हय. म्हशी तोंडच लावून न्हाई राहिल्या, मग उरंल न्हाई तर काय? त्यांना घेऊन बाजारला निघालो." त्यांचा आवाज चिडका नव्हता, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

प्राचार्यांनी रिपोर्ट पाठवला. पाण्याची पातळी टिकली, स्कीम यशस्वी. आकडे मी स्वतः तपासले, एकही खोटा नव्हता. तेव्हापासून पोरांना पहिल्याच तासाला सांगते, काय मोजायचं ते आधी ठरवा, आणि कोणासाठी, तेही.