टपालाच्या दिवशीची शाळा

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत दोन धोतरं, एक टॉवेल आणि पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकाचा मजकूर माझाच : ‘बापहो, मुलांना शाळेत घाला!’ सातारा जिल्ह्यातल्या आणि सांगली संस्थानातल्या प्राथमिक शाळा डोळ्यांनी पाहून आमच्या मंडळाला हकिगत द्यायची, एवढं काम माझ्याकडे. गावोगाव शाळा निघाल्या म्हणून सभांतून पाठ थोपटून घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या शाळांत काय चालतं ते कुणी विचारीत नाही. मी विचारायला निघालो होतो.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली. शिरवळपर्यंत ती खोकत खोकत आली आणि खंबाटकीच्या घाटात तिने दम टाकला. ड्रायव्हर म्हणाला, “उतरा मंडळी, हात लावा!” सगळे उतरलो. माझ्या शेजारी ढकलायला रजेवर आलेला एक शिपाई होता. मी शाळा पाहायला निघालोय म्हटल्यावर तो हसला.

“शाळा? गड्या, चार वर्सं गेलो की मी बी. काय आलं? गुर्जीच्या म्हशीला पानी दावाया आलं.”

“मग वाचता येत नाही?”

“येतंय की! पल्टनीत शिकलो. सा म्हयन्यांत. हिंदुस्थानी, पर इंग्रजी अक्षरात.” आणि खांद्याने गाडीला धक्का देत म्हणाला, “मराटी तेवडी ऱ्हायली बगा.”

मराठा गडी, मराठी मुलूख, आणि मराठी तेवढी राहिली! साताऱ्यापर्यंत मी दुसरा विचार केला नाही.

साताऱ्याहून कऱ्हाड, तिथून आष्टा. काळी जमीन, उसाचे फड, शाळूची कणसं नुकती भरलेली. माळ्यांवर (पाखरं राखायला उभारलेली मचाणं) गोफणी घेऊन उभी असलेली पोरं मला दुरूनच दिसत होती. शाळेची वेळ होती. आष्ट्यात एका जैन व्यापाऱ्याकडे उतरलो. जवळच्या ज्या खेड्यात मला जायचं होतं, तिथल्या शाळा-कमिटीत ते होते. कांदा-लसणीवाचूनची आमटी आणि शाळूची भाकरी त्यांनी आग्रह करकरून वाढली. मी विचारलं, “आपली मुलं त्याच शाळेत?”

“छे छे! आमची सांगलीला ठेवल्यात. हितली शाळा गावासाठी हाय.”

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरंच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने त्या खेड्यात पोचलो. शाळा मारुतीच्या देवळात. बिगारीपासून (पहिलीच्या आधीचा वर्ग) चौथीपर्यंतची सगळी मुलं एकाच मंडपात, आणि सगळ्यांना मिळून एक मास्तर. अर्ध्या मुलांच्या बोटांत खरूज, डोळ्यांना चिपडं, माशा हाकलण्याचंही भान नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली चार मुलं पायरीखाली उन्हात बसलेली. त्यांच्या पाट्या मास्तर वरूनच बघत, हात लावीत नसत. तहान लागली की त्यांनी ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. मारुतीच्या नजरेसमोर हे चाललेलं.

आणि अभ्यास? अभ्यास बंद होता. टपालाचा दिवस होता.

गावची पोस्ट-कचेरी म्हणजे हेच गुरुजी. घरटी एक माणूस फौजेत, आणि गावात लिहिता-वाचता येणारे हे एकटे. बायका पदराखाली पाकिटं धरून देवळाच्या भिंतीला ओळीने बसल्या होत्या. गुरुजी एकेक फोडून मोठ्याने वाचत, उत्तर लिहीत, शिक्का मारीत. पोरं पाढ्यांचा गलका करीत होती, नाहीतर बसून पत्रं ऐकत होती.

“शिकवता केव्हा?” मी सरळच विचारलं.

“टपाल नसतं त्या दिवशी,” गुरुजी म्हणाले. सदऱ्याची कॉलर उसवलेला, वाळका माणूस. “मग रेशनची कार्डं असतात. देवी टोचणारा आला की पोरं धरून द्यायची असतात. आता लढाईफंडासाठी दारोदार. तुम्हीच सांगा, केव्हा शिकवू?”

मला ती पळवाट वाटली. पायरीखालच्या मुलांना हात न लावायला कुठलं रेशन आड येत होतं? तेवढ्यात शेवंता नावाची बाई पुढे आली. तिचा नवरा लढाईवर. तिच्याबरोबर तिची दहा वर्षांची तारा.

“मुलगी कितवीत?” मी विचारलं.

“चौथीत हाय जी.”

“मग गुरुजींची वाट कशाला बघता? तिलाच वाचू द्या की!”

“राहू द्या, मी वाचतो,” गुरुजी घाईने म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मला वाटलं, याचं महत्त्व कमी होतंय म्हणून कळवळतोय. मी पाकीट फोडून पत्र मुलीच्या हातात दिलं.

तारा ताठ उभी राहिली. ओळीखालून बोट फिरवीत तिने खणखणीत आवाजात वाचलं : “इकडील सर्व ठीक आहे. तुमची खुशाली कळवीत जावी. पाणीपाऊस कसा आहे? बैल बरे आहेत काय? लहानथोरांस रामराम.”

शेवंताबाईच्या तोंडावर असं ऊन पडलं! “वाचाया आलं गं बाय माज्या तारीला!” बाकीच्या बायका माना डोलवू लागल्या. मीही शाबास म्हणणार होतो. पण वाचणं संपलं तेव्हा बोट जेमतेम दुसऱ्या ओळीपर्यंत आलं होतं, आणि पत्र पानभर होतं.

मी ते हातात घेतलं. वाचलं. आणि गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी पत्र माझ्याकडून काढून घेतलं, डोळ्यांखालून घातलं. “शेवंताबाई, खाली बसा,” ते म्हणाले, आणि वाचू लागले. अक्षर दुसऱ्या शिपायाचं होतं. नवरा इस्पितळात होता. दोन्ही डोळे गेले होते. घाबरू नये, लवकरच घरी पाठवतील. शेवटी लिहिलं होतं : ‘तारीला शाळेतून काढू नको. आता मला वाचून दाखवायला तीच.’

शेवंताबाई पोरीकडे वळली. “तू तर म्हनलीस ठीक हाय?”

तारा रडायच्या बेतात होती. “समद्यांच्या पत्रात तसंच असतंय की,” ती म्हणाली.

खरंच होतं. चार वर्षं ती देवळात बसून गावाची पत्रं ऐकत होती.

गुरुजी माझ्याकडे न बघता बोलले, “पोरांना ऐकून येतं. परीक्षेला तपासणीचे साहेब धडा उघडतात, पहिली ओळ ऐकली की पुढचं पोरं पाठ म्हणतात. मीच तिला तीनदा पास केलं.”

शेवंताबाई उठली, पोरीचं मनगट धरलं. मी आडवा गेलो. “बाई, तिच्या बापानेच लिहिलंय, शाळेतून काढू नको म्हणून!”

“त्यास्नी दिसत न्हाई,” ती म्हणाली, “म्हून त्ये तसं म्हनत्यात. मला दिसतंय. वाटंतनं सरका, सायेब.”

मी सरकलो. भिंतीपाशी बसलेल्यांतली पुढची बाई पाकीट घेऊन गुरुजींसमोर आली.

सांगलीत दोन शाळा पाहायच्या होत्या. पाहिल्या. दोन्हीकडे दारातच मुलांनी एका सुरात धडा म्हणून दाखवला. पुस्तक मधूनच उघडून वाचायला सांगावं असं मनात आलं, पण माझा हात पुढे झाला नाही. पत्रकं तशीच पिशवीत होती. ज्या गावाला ती वाटायची, त्या गावाला ती वाचून कोण दाखवणार? गुरुजीच. टपालाच्या दिवशी.

परतीच्या वाटेवर मिरज स्टेशनात गाडीला वेळ होता. आईला कार्ड लिहावं म्हणून बाकावर बसलो. तीर्थस्वरूप वगैरे लिहिलं आणि सवयीने पुढची ओळ लिहून गेलो : ‘इकडील सर्व ठीक आहे.’

तिच्यापुढे खरं काय लिहायचं, ते सुचेना. कार्ड तसंच पेटीत टाकलं.